दोन भावांचा कापूस

आमच्या घरी एकाच काळ्या मातीत पिकलेला कापूस पाव शतकाहून अधिक काळ दोन वाटांनी विकला गेला. घर एक होते, विहीर एक होती, वखर आणि डवरे गरजेप्रमाणे इकडून तिकडे जात. पण आजोबांच्या मागे वाटणी होऊन प्रत्येकी ९ एकर वाट्याला आल्यानंतर, दसरा झाला आणि पहिला वेचा घरात आला की माझे वडील आणि काका यांची तोंडे दोन दिशांना होत. बाबांचा कापूस तालुक्याच्या खरेदी केंद्रावर दिवसाउजेडी, नावानिशी जाई. काकांचा, जमेल तेव्हा आणि जमेल तितका, रात्री निघे आणि उजाडताना मध्य प्रदेशात पांढुर्ण्याच्या बाजूला पोहोचलेला असे. आमचे गाव अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे राज्याची सीमा म्हणजे एक नाला, दोन बाभळी आणि रस्त्यावर आडवा टाकलेला नाक्याचा बांबू.

‘कापूस एकाधिकार खरेदी योजना’ म्हणजे काय, हे आता तिशीतल्या माणसाला समजावून सांगावे लागते. १९७१ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून, म्हणजे नेमक्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, राज्यात पिकलेला सगळा कापूस सरकारने नेमलेल्या सहकारी यंत्रणेलाच विकण्याचे बंधन शेतकऱ्यावर आले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि योजनेमागचा आग्रह सहकार खाते सांभाळणाऱ्या यशवंतराव मोहित्यांचा होता. व्यापाऱ्याला कापूस विकणे गुन्हा ठरले, राज्याबाहेर नेणे तर त्याहून मोठा गुन्हा. या दुसऱ्या बंदीला आमच्याकडे ‘झोनबंदी’ म्हणत. हा शब्द मी शाळेत जाण्याच्या आधी शिकले, कारण काकू संध्याकाळी दिवा लावताना काका घरी नसल्याचे कारण कोणी विचारले, तर तोंडातून हा शब्द काढायचा नाही, अशी आम्हा मुलांना ताकीद होती.

बाबा या योजनेच्या बाजूने होते, आणि ते भाबडेपणाने नव्हे. त्यांनी आजोबांबरोबर बाजारात रात्री काढल्या होत्या. कापूस गाडीत भरून एकदा बाजारात नेला की तो परत आणता येत नाही, कारण बैलांना वैरण लागते, गाडीवानाला मजुरी लागते आणि रात्रीच्या दवाने कापूस ओला होतो, हे शेतकऱ्याइतकेच व्यापाऱ्यालाही ठाऊक असे. मग अडत, हमाली, तोलाई आणि वर मातेऱ्याच्या नावाने वजनात काट. वऱ्हाडात कापसाच्या बाजाराला शिस्त लावण्याचे प्रयत्न तसे फार जुने आहेत. १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. मात्र त्या शिस्तीमागे मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ रुई वेळेवर मिळावी, ही काळजीही मोठी होती. शेतकऱ्याच्या गळ्याभोवतीचा फास त्याने सैल झाला असेल, सुटला नव्हता. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, म्हणजे कापूस शेतकऱ्याच्या हातात असेपर्यंत, भाव खाली असे. उन्हाळ्यात तो चढे, तेव्हा गाठी व्यापाऱ्याच्या गोदामात असत.

एकाधिकाराने नेमका हाच खेळ मोडायचे ठरवले होते, आणि त्याची रचना कागदावर पाहिली तर आजही मला ती हुशार वाटते. केंद्रावर ग्रेडर कापसाची प्रत ठरवी, काटा होई, पावती मिळे आणि हमीभावाने रक्कम नोंदली जाई. पुढे तो कापूस यंत्रणा स्वतः जिनिंगला लावी. एका क्विंटल कापसातून ढोबळमानाने ३४ किलो रुई निघते आणि उरलेल्यात बहुतेक सरकी. रुईच्या गाठी बांधून आणि सरकी वेगळी विकून वर्षाअखेर हिशोब होई. सगळा खर्च वजा जाता काही शिल्लक उरली तर तिचा तीन चतुर्थांश भाग बोनस म्हणून शेतकऱ्याला आणि एक चतुर्थांश भाव चढउतार निधीत, अशी वाटणी ठरलेली होती. शिवाय भांडवल निर्मितीसाठी ३ टक्के कपात होती. चांगल्या सालात निधीत भर घालायची आणि वाईट सालात त्यातून हमीभावाला टेकू द्यायचा. डिसेंबरात विकणारा आणि एप्रिलमध्ये विकणारा, पाटलाची दोनशे पोती आणि विधवेची दोन पोती, यांना एका प्रतीला एकच भाव. ‘थांबता येणे’ ही जी गोष्ट आजवर फक्त पैसेवाल्याकडे होती, ती या योजनेने सगळ्यांना मिळून दिली, असे बाबांचे म्हणणे असे. सगळ्यांच्या वतीने यंत्रणा थांबणार होती.

आणि म्हणूनच सक्ती हवी, असे ते म्हणत. इथे त्यांचा युक्तिवाद पक्का होता आणि काकांनाही तो खोडता येत नसे. योजना ऐच्छिक ठेवली तर बाहेर भाव चढा असलेल्या वर्षी सगळे बाहेर विकतील आणि बाहेर भाव पडला की सगळे हमीभावाच्या दारात येऊन उभे राहतील. मग निधी भरणार कधी?

“आज दहा-वीस रुपये जास्त भेटले म्हून तू तिकडं पयते. सारेच पयाले, तं वाईट सालात कोनाच्या दारात जाशीन?” बाबा विचारत.

काका याला सरळ उत्तर देत नसत. ते म्हणत, “दादा, तुमचा भाव पाटीवर लिवला हाये. माह्या वेचणीवाल्या बाया ती पाटी घेऊन बाजारात जातीन का?”

काकांच्या या वाक्यात सगळा वाद होता, पण ते मला पुष्कळ वर्षांनी, बँकेत नोकरीला लागल्यावर कळले. कापूस हे असे पीक आहे की त्याचा सगळ्यात मोठा रोख खर्च पीक हातात येतानाच होतो. पेरणीला उधारी चालते, खताला सोसायटी असते. वेचणीला मात्र मजूर बाईच्या हातावर आठवडी बाजाराच्या दिवशी पैसे ठेवावेच लागतात, कारण तिची चूल त्यावर पेटते. कापूस केंद्रावर गेला की त्याची रक्कम, जिला आम्ही ‘चुकारा’ म्हणतो, ती येईपर्यंतचे दिवस कोणी मोजून सांगू शकत नसे. आणि ती आली तरी त्यातून सोसायटीचे पीककर्ज आधीच वळते झालेले असे. कर्ज आणि विक्री यांची अशी सांगड घालणे हा योजनेतला एक महत्त्वाचा विचार होता; सहकाराच्या दृष्टीने तो योग्यही होता, कारण वसुली सोपी होई. पण ज्या शेतकऱ्याचे कर्ज पिकाहून मोठे झालेले असे, त्याच्या हातात सहा महिन्यांच्या कष्टापोटी एक पावती येई, आणि त्या पावतीवर शेवटी जो आकडा उरे तो घरी सांगायची त्याला लाज वाटे. बँकेच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी असे चेहरे पाहिले आहेत. समोरचा माणूस आकडा दोनदा वाचे, मग पावतीची घडी घालून टोपीत ठेवी.

खरे सांगायचे तर घरात कायदा पहिल्यांदा मोडला तो काकांनी नव्हे, आईने. ती बाबांच्या नकळत, किंवा बाबा नकळत असल्याचे दाखवीत तेव्हा, ओच्यात दोन-चार किलो कापूस घेऊन गावातल्या दुकानात जाई आणि त्याच्या बदल्यात तेल, गूळ, चहापत्ती आणि वेचणीच्या बायांपुरती चिल्लर घेऊन येई. दुकानदार तिला केंद्राच्या भावापेक्षा बराच कमी भाव लावी, हे तिला पक्के ठाऊक होते. गावातल्या जवळपास प्रत्येक घरातली बाई हेच करीत असे आणि त्या दुकानात वर्षाकाठी जमणारा कापूस एखाद्या मोठ्या शेतकऱ्याच्या पिकाइतका होई. एकाधिकार की खुला बाजार, या वादात आईला कोणी कधी बोलावले नाही; तिचे मत तिच्या ओच्यात होते. कमी भाव आणि आजचा पैसा, जास्त भाव आणि कधीतरीचा पैसा, यांतून तिने दर आठवड्याला निवड केली आणि ती निवड तिच्या दृष्टीने चुकीची नव्हती.

रात्रीच्या प्रवासाला मी एकदाच गेले, दहा-बारा वर्षांची असताना. गाडीत कापूस दाबून भरला होता, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या आणि पेंढ्यांवर मी, कारण लहान मुलगी बसलेली असली की नाक्यावरचा माणूस पाहुण्यारावळ्यांची गाडी समजतो, असा काकांचा हिशोब होता. बैलांच्या गळ्यातली घुंगरे काढून ठेवली होती. त्या रात्री नाक्यावर कोणीच नव्हते आणि आम्ही नाल्यातून गाडी घालून पलीकडे गेलो. पलीकडची बाभूळ अलीकडच्या बाभळीसारखीच होती. सकाळी जिनिंगच्या फाटकाशी काकांनी नोटा मोजल्या, मला जिलेबी घेऊन दिली आणि परत येताना गाडीत चक्क झोपले. बैलांना वाट माहीत होती. ती सवय त्यांना किती फेऱ्यांनी लागली असेल, याचा विचार मी घरी आल्यावर केला आणि बाबांना काही सांगितले नाही.

योजनेतला खरा दोष याच नाल्यात होता. एकाधिकार एका राज्यात होता आणि भोवताली मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र असे तीन मोकळे बाजार होते. बाहेर भाव जास्त असला की आमच्यासारख्या सीमेवरच्या गावांतून कापूस बाहेर वाहून जाई. आदिलाबादकडे, खेतिया-सेंधव्याकडे, पांढुर्ण्याकडे. बाहेर भाव पडला की हाच ओघ उलटा फिरे आणि परराज्यातला कापूस इथल्या कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढून केंद्राच्या काट्यावर येई. म्हणजे चांगल्या सालात निधीत पडायचे ते पडत नसे आणि वाईट सालात नको त्याचाही भार निधीवर येई. त्यात हमीभाव किती असावा, हे हळूहळू बाजार पाहून ठरण्याऐवजी निवडणूक पाहून ठरू लागले. सुरुवातीच्या काही हंगामांत बोनस मिळाला तेव्हा बाबांनी माडीला पत्रे घातले. पुढे मात्र तोट्याची वर्षे वाढत गेली आणि योजना संपेपर्यंत तोट्याचा आकडा काही हजार कोटींवर गेला. बाबा शेवटपर्यंत म्हणत की औषध बरोबर होते, पथ्य पाळले गेले नाही. मला वाटते, सगळे पथ्य रोग्याने पाळायचे आणि वैद्याने कसलेच नाही, अशीच त्या औषधाची चिठ्ठी लिहिलेली होती.

धान्याच्या बाबतीत आमच्या भागाने हे आधी पाहिले होते. ज्वारीची लेव्ही आजीला चांगली आठवत असे. एकरांच्या हिशोबाने सरकारी भावाने ज्वारी द्यायची आणि घरात कमी पडली तर बाजारातून चढ्या भावाने विकत घ्यायची. १९७३ मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला, तेव्हा गहू बाजारातूनच दिसेनासा झाला आणि वर्षभरातच तो निर्णय मागे घ्यावा लागला. कापसाचा एकाधिकार मात्र ३० वर्षे टिकला. याचे एक साधे कारण मला असे दिसते की ज्वारी पेवात दडवता येते आणि वेळ पडली तर खाता येते. कापूस खाता येत नाही.

१९८० नंतर ओसरीवरच्या वादात तिसरा आवाज आला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभेला बाबा आणि काका एकाच गाडीत बसून गेले आणि दोघेही छातीला लाल बिल्ला लावून आले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा दोघांनाही एकदम पटली, कारण तिच्यात दाम कोणी द्यायचे हे सांगितलेले नव्हते. बाबांना वाटले की आता सरकारला उत्पादन खर्चावर आधारित हमीभाव द्यावा लागेल. काकांना वाटले की सरकारच भाव पाडते, हे अखेर कोणी तरी चारचौघांत बोलले. पुढची काही वर्षे हा दुहेरी अर्थ टिकला. १९८६ च्या डिसेंबरात, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सुरेगावला कापूस आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले, त्या रात्री आमच्या दोन्ही चुली पेटल्या नाहीत. नंतर मात्र संघटनेचा भर रास्त भावावरून बाजाराच्या स्वातंत्र्याकडे सरकत गेला, झोनबंदी मोडून कापूस उघडपणे सीमेपार नेण्याची आंदोलने झाली, आणि काकांना पहिल्यांदा पांढुर्ण्याची वाट दिवसा, झेंडा लावून चालता आली. बाबांनी बिल्ला काढून कोनाड्यात ठेवला. फेकला नाही.

त्या काळात एकदा काका बाबांना जे म्हणाले ते मी अजून विसरलेले नाही. “मले कायद्यानं बांधलं, कबूल. पन त्याईले कोनं बांधलं? चुकारा कोन्या दिवशी देतीन, हे कोन्या कायद्यात लिवलं हाये?” बाबांनी उत्तर दिले नाही. ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

२००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपला. संपला म्हणजे एके दिवशी दवंडी पिटून नव्हे. कायद्याला मुदतवाढी मिळत आल्या होत्या, तशी एक दुरुस्ती आली आणि हंगामात गावात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा राहिला. काकांना विजयाचा आनंद झाला असेल असे मला वाटले होते. ते टेम्पोभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी विचारले, “नगदी देते का उधार?”

यानंतर १० वर्षांनी हा वाद आमच्या घरी एका अगदी वेगळ्या दाराने परत आला. माझा मुलगा शिकायला कॅनडातल्या सस्काटूनला गेला होता. फोनवर आजोबांशी काय बोलावे हे त्याला सुचत नसे, म्हणून तो शेतीचे बोले. २०१२ च्या ऑगस्टात त्याने सांगितले की इथे गव्हाचा एकाधिकार होता आणि तो या महिन्याच्या एक तारखेला संपला. बाबांनी काकांना हाक मारली, फोन स्पीकरवर ठेवला गेला, आणि दोघा म्हाताऱ्यांनी पुढचा पाऊण तास त्याची उलटतपासणी घेतली.

मनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा या पश्चिमेकडच्या प्रांतांतल्या शेतकऱ्यांना आपला गहू आणि बार्ली निर्यातीसाठी किंवा माणसांच्या खाण्यासाठी विकायची तर ती ‘कॅनेडियन व्हीट बोर्डा’लाच विकावी लागे. बोर्डाची स्थापना १९३५ ची आणि गव्हावरची सक्ती १९४३ पासूनची. रचना ऐकून बाबा खुर्चीत पुढे सरकले, कारण ती जवळजवळ आमचीच होती: माल देताना पहिली उचल, मग वर्षभराची विक्री एका सामायिक खात्यात, आणि शेवटी खर्च वजा जाता उरलेल्याचा अंतिम हप्ता. रेल्वे कंपन्या आणि धान्याचे मोठे व्यापारी यांच्यापुढे एकटा शेतकरी टिकत नाही, सगळ्यांच्या वतीने एकानेच विकावे, हे कारणही तेच. ओंटारिओतल्या शेतकऱ्यांवर हे बंधन नव्हते, यावर काका म्हणाले, “म्हंजे तिथंबी झोनबंदी.”

मग मुलाने २००२ मधली हकीकत सांगितली. अमेरिकेच्या सीमेपलीकडे भाव जास्त म्हणून अल्बर्टातल्या काही शेतकऱ्यांनी आपलेच धान्य ट्रकात घालून, परवान्याशिवाय सीमेपार नेले होते. त्यांना दंड झाला. तो भरण्याचे नाकारून त्या वर्षीच्या ऑक्टोबरात १३ जण लेथब्रिजच्या तुरुंगात गेले. सक्ती संपली त्या दिवशी पंतप्रधान हार्पर यांनी अशा शेतकऱ्यांना माफी जाहीर केली. काका बराच वेळ गप्प होते. आपण आयुष्यभर जे लपतछपत केले, ते पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, बर्फात, ट्रॅक्टर-ट्रकवाल्या श्रीमंत शेतकऱ्यांनी तुरुंगात जाऊन केले आणि तेही नेमके आमचा एकाधिकार मोडला त्याच वर्षी, ही गोष्ट त्यांना विलक्षण वाटली असावी. शेवटी ते म्हणाले, “माफी कायची? माल त्याईचाच होता ना?”

बाबांचा प्रश्न वेगळा होता. “मतं घेतली होती का?”

घेतली होती. १९९८ नंतर बोर्डाच्या १५ संचालकांपैकी १० शेतकऱ्यांनी निवडलेले असत, आणि २०११ मध्ये बोर्डाने स्वतः शेतकऱ्यांचा कौल घेतला, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी गव्हाच्या बाबतीत ६२ टक्के आणि बार्लीच्या बाबतीत ५१ टक्के शेतकरी एकाधिकार ठेवावा या बाजूचे निघाले. सरकारने तो कौल आपल्यावर बंधनकारक मानला नाही आणि कायदाच बदलला. म्हणजे ३८ टक्क्यांना स्वातंत्र्य मिळाले, असे म्हणावे, की ६२ टक्क्यांचे काढून घेतले गेले? मी हा प्रश्न पुष्कळ दिवस डोक्यात घोळवला आहे. वेगळे विकू इच्छिणाऱ्याला बहुमताने बांधून ठेवावे, हे मला पटत नाही. आणि त्याला सोडले की उरलेल्यांची एकत्र राहण्याची ताकद संपते, हेही नाकारता येत नाही. या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी समाधान देणारे उत्तर आहे, असे सांगणाऱ्या माणसाने बहुधा स्वतः कधी कापूस विकलेला नसतो.

पण बाबांना ६२ आणि ३८ या आकड्यांत रस नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले की आपल्याला तर कोणी विचारलेच नाही. १९७२ मध्ये बांधताना नाही आणि २००२ मध्ये सोडताना नाही. योजनेच्या नावात सहकार होता, पैसा शेतकऱ्याच्या चुकाऱ्यातून कापलेला होता, निधी त्याच्या नावाचा होता, आणि तरी भाव कधी जाहीर करायचा, गाठी कधी विकायच्या, यातला एकही निर्णय आमच्या तालुक्यात झाला नाही. ज्या योजनेसाठी ते सख्ख्या भावाशी ३० वर्षे भांडले, ती आपली नव्हतीच, हे त्यांना सस्काटूनहून आलेल्या फोनवर कळले. काका त्यावर काही बोलले नाहीत. भांडणात जिंकण्याची एवढी चांगली संधी त्यांनी सोडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

बाबा २०१६ मध्ये गेले. काका २००२ पासूनच मोकळ्या बाजारात आहेत आणि त्या मोकळेपणाचे सगळे ऋतू त्यांनी पाहिले आहेत. सरकारी खरेदीत हमीभावावर मिळणारा आगाऊ बोनस २००५ मध्ये बंद झाला, तेव्हा त्या एका हंगामात भाव किती खाली उतरतो हे गावाने पाहिले. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत व्यापारी आलाच नाही, तेव्हा ज्या सरकारी खरेदीला त्यांनी जन्मभर नावे ठेवली तिच्या रांगेत त्यांच्या मुलाचा ट्रॅक्टर टोकन घेऊन उभा होता. कापसात ओलावा १२ टक्क्यांहून जास्त निघाला तर माल परत न्यावा लागेल, या धास्तीने काकू दोन दिवस तो उन्हात उलथापालथ करीत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राचे तीन कृषी कायदे आले. काकांचा मुलगा त्यांच्या बाजूने आणि माझा भाऊ विरुद्ध, असा वाद त्याच ओसरीवर, फक्त मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवीत, पुन्हा रंगला. सव्वा वर्षाने ते कायदे रद्द झाले. त्याबद्दलही शेतकऱ्यांचा कौल कोणी घेतला नाही, ना आणताना ना नेताना.

मात्र माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका हंगाम २०२२-२३ चा. त्याआधीच्या वर्षी कापसाने क्विंटलमागे १०,००० रुपयांचा पल्ला ओलांडला होता, हमीभावाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून या वर्षी कोणीच विकेना. ना कायदा, ना झोनबंदी, ना ग्रेडर. प्रत्येकाने आपापल्या घरात, आपापल्या हिशोबाने कापूस धरून ठेवला. माजघर भरले, देवघर भरले, कापसातल्या किड्यांनी मुलांच्या अंगाला खाज सुटली, लग्नाचे पाहुणे अंगणात झोपवावे लागले. बाबांनी ज्याचे स्वप्न पाहिले होते ते सगळ्यांचे मिळून थांबणे हेच होते, फक्त ‘मिळून’ हा शब्द त्यात नव्हता. भाव ८,००० च्या आसपास रेंगाळला आणि पावसाळ्याच्या तोंडावर आणखी खाली आला. ज्याच्यावर कर्ज होते त्याने डिसेंबरात विकून बरा भाव घेतला आणि ज्याची ऐपत होती तो थांबून बुडाला. असे क्वचित घडते, आणि ते पाहून गावातल्या गरिबांना झालेला आनंद मी इथे लिहिणार नाही.

गेल्या वर्षी माझा भाऊ आणि काकांचा मुलगा यांनी आणखी काही जणांना घेऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढली. अशा कंपन्यांची तरतूद कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. एकाधिकार गेला आणि हा पर्याय कागदावर आला, हे एकाच वर्षी घडले, पण आमच्या गावाला दुसरी बातमी कळायला २० वर्षे लागली. पहिल्या सभेला मी गेले होते. देवळाच्या सभामंडपात साठ-सत्तर माणसे, मागच्या बाजूला दहा-बारा बाया, आणि भिंतीला टेकून काका. जिनिंगवाल्याशी एकत्र बोलणी करायची, गाठी बांधून घ्यायच्या, सरकी वेगळी विकायची, इथवर कोणाची हरकत नव्हती. मग कोणी तरी विचारले की सभासदाने आपला सगळाच कापूस कंपनीला द्यायचा की मनाला येईल तितका? एका क्षणात सभा दुभंगली. माझा भाऊ बाबांचीच वाक्ये बोलत होता, आणि ती बाबांची आहेत हे त्याला बहुधा ठाऊकही नव्हते. समोरून काकांचा मुलगा काकांची बोलत होता. निम्मा द्यावा, असा एक मधला प्रस्ताव आला. निम्मा म्हणजे कशाचा निम्मा, पहिल्या वेच्याचा की मागून येणाऱ्या फरदडीसकट सगळ्याचा, यावर अर्धा तास गेला.

तेवढ्यात मागून वेचणीला जाणारी एक बाई, जिच्या नावावर दीड एकर आहे आणि जी सभासदही आहे, बसूनच म्हणाली की निम्मा द्यायचा का सगळा द्यायचा ते मागून ठरवा, पैसे कोण्या दिवशी भेटतीन ते आधी सांगा. काकांनी भिंतीवरून पाठ काढली.

सचिवाने ठराव नोंदवहीत लिहायला घेतला: सभासदाने दिलेल्या कापसाचा चुकारा माल दिल्यापासून इतक्या दिवसांच्या आत देण्यात येईल. ‘इतक्या’च्या जागी आकडा घालायचा होता. कोणी सात म्हणाले, कोणी पंधरा, जिनिंगवाला देईल तेव्हा असेही एक जण म्हणाला आणि त्याला सगळ्यांनी खाली बसवले. बँक किती उचल देईल, हे कळल्याशिवाय आकडा घालता येत नव्हता, आणि आकडा असल्याशिवाय बँक बोलायला तयार नव्हती. शेवटी पुढच्या सभेपर्यंत ती जागा मोकळी ठेवायचे ठरले. सह्या झाल्या, अंगठे झाले. नोंदवही बंद करण्याआधी काकांनी ती मागून घेतली, चष्मा पुसून तो ठराव वाचला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवून मला विचारले, “इथं किती बसते, बाई? तू बँकेत होती ना?”